भाऊंच्या घरचे चणे

भाऊ कुठंही गेले की आधी चपला काढायचे. देवळात सगळेच काढतात, त्यात नवल नाही. पण भाऊ चर्चच्या पायऱ्यांशी काढायचे, बँकेत काढायचे, महापालिकेत काढायचे, दाताच्या डॉक्टरकडे काढायचे. एकदा वालीवला कुणाच्या तरी नव्या गाळ्याचं उद्घाटन होतं, तिथं लोखंडाचा कीस पडलेल्या फरशीवर ते अनवाणी हिंडून आले आणि मग वहिनी दुपारभर त्यांच्या तळपायातून कीस उपटत बसल्या. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सर, कोनाचा देव कुठं बसलेला असतो ते सांगता येतं का? आपन काढलेल्या बऱ्या." साहजिकच त्यांच्या चपला फार चोरीला जायच्या. त्याचंही त्यांना दुःख नव्हतं. आपल्याच माणसानं नेल्या असतील, म्हणायचे. वसईत होळी नाक्यावरच्या बाजारापासून किल्ल्यापर्यंत जो भेटेल तो त्यांच्या दृष्टीनं आपलाच माणूस होता.

मी त्यांचा भाडेकरू. मूळचा साताऱ्याकडचा. इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवायला आलो आणि भाऊंच्या वाडीला लागून त्यांनी जी इमारत उठवली होती, तिच्या पहिल्या मजल्यावर, भाऊ आणि वहिनींच्या घराच्या बरोबर वर, राहायला लागलो. माझे दोन कवितासंग्रह प्रसिद्ध आहेत. प्रसिद्ध म्हणजे छापलेले, त्यातले बरेचसे अजून माझ्या पलंगाखाली आहेत. भाऊंना हे कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तसा मी आजवर कुठल्याही समीक्षकाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. ते तेव्हा माजी नगरसेवक होते आणि पुन्हा नगरसेवक होण्याच्या तयारीत होते. त्यांनी मला भाषणं लिहून द्यायला सांगितलं आणि मी लगेच स्वतःला त्यांचा राजकीय सल्लागार समजायला लागलो. असं समजणारा अख्ख्या वसईत मी एकटाच होतो.

मोबदला म्हणून केळीचा घड यायचा, हंगामात सुकेळी यायची. वाळवलेल्या त्या केळ्यांच्या लोभानं मी जे काही लिहिलं ते एकत्र केलं तर माझा तिसरा संग्रह होईल.

खरं सांगायचं तर मी एकच भाषण लिहिलं होतं. गणपतीला, ईदला, नाताळला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला तेच जायचं, फक्त सणाचं नाव बदलून. एका नाताळात ते बदलायचं राहिलं. भाऊ व्यासपीठावर उभे राहून बाप्पाच्या आगमनानं घरोघरी कसा आनंद पसरला आहे ते सांगायला लागले. मी मागच्या रांगेत घाम पुसत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर फादर माझ्याजवळ येऊन म्हणाले की आमचाही बाळ येशू आज घरोघरी येतोच, काही चुकलं नाही. भाऊंना तर काही झालंय याचा पत्ताच नव्हता.

भाषणाची तालीम ते केळीच्या बागेत करायचे. पहाटे पाटाला पाणी सोडलं की खांद्यावर टॉवेल टाकून बागेत उभे राहायचे आणि समोरच्या झाडांना "बंधू आणि भगिनींनो" म्हणायचे. केळी मधेच उठून जात नाही, हे तिचं मोठेपण ते मला नेहमी सांगायचे. प्रत्यक्ष सभेत मात्र माझं लिहिलेलं ते दुसऱ्या परिच्छेदापलीकडे कधी न्यायचे नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवायचे आणि समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या आजीनं कुठली विहीर खणून घेतली, कुणाच्या काकानं पहिली रिक्षा कधी आणली, असं काहीतरी बोलत राहायचे. लोक हसायचे, डोळे पुसायचे. माझ्या वाक्यरचनेची हानी होते आहे हे फक्त मला दिसायचं.

मयताला जाणं हा त्यांचा खरा उद्योग होता. मतं लग्नात नाय, मयतात मिळतात, असं ते म्हणत. ख्रिस्ती घरात मेणबत्त्या घेऊन जायचे, मुसलमान घरी जनाज्याला खांदा द्यायचे, आपल्यातल्या घरी लाकडं येईपर्यंत थांबायचे. हे सगळं मतांसाठी चाललंय असं मी सल्लागाराच्या नजरेनं बघायचो, आणि मग एकदम लक्षात यायचं की हा माणूस खरोखर रडतोय. मीही एकदोनदा रडण्याचा प्रयत्न करून पाहिला. शेजारच्या बाईनं मला सर्दी झालीय का विचारलं.

त्यांचं राजकीय तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं. वेळ वेगळी ठेवली की भांडण नाय. एकदा गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक आणि एका ख्रिस्ती लग्नाची वरात आमच्या अरुंद आळीत एकाच वेळी येणार होती. दोन्हीकडची पोरं हट्टाला पेटली होती. भाऊंनी दोघांनाही वेगवेगळ्या वेळा दिल्या आणि मग उलगडा झाला की बँडवाले दोन्हीकडचे एकच होते, त्यामुळे तशीही दोन्ही एकदम निघू शकली नसती. बँडवाल्यांनी वरातीनंतर नुसते कोट बदलले. भाऊ तो किस्सा वर्षभर सांगत होते आणि सर्वधर्मसमभावावरच्या माझ्या कॉलेजातल्या व्याख्यानात मीही तो वापरत होतो, प्रसंगातली सल्लागाराची भूमिका जराशी वाढवून.

भाऊंच्या वाडीच्या कोपऱ्यासमोर एक क्रूस आहे. अलीकडे वाडी, पलीकडे क्रूसाला लागून फिलूमावशीचं घर, आणि मधे माणसाला ओलांडायला चार पावलांचा रस्ता. मे महिन्यात त्या क्रूसापुढं रोज संध्याकाळी आळीतले ख्रिस्ती लोक चटया टाकून प्रार्थनेला बसतात आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोठी प्रार्थना होते, तिला लदीन म्हणतात. लदीन झाली की सगळ्यांना उकडलेले चणे वाटतात. हे चणे भाऊंच्या घरून जातात. भाऊंचे वडील लहानपणी तापानं फणफणले होते तेव्हा भाऊंच्या आजोबांनी त्या क्रूसाला नवस बोलला होता, आणि तेव्हापासून लदीनचे चणे त्या हिंदू घराचे. वहिनी आदल्या रात्री ते भिजत घालायच्या, संध्याकाळी पातेलं कडेवर घेऊन रस्ता ओलांडायच्या आणि भाऊ त्यांच्या मागून जाऊन चटईवर बायकांच्या मागं बसायचे. फिलूमावशी भाऊंपेक्षा बरीच मोठी. तिनं त्यांना कडेवर खेळवलेलं, त्यामुळे नगरसेवक झाले तरी ती त्यांना "बाबू" म्हणायची आणि सरक रे तिकडं म्हणून ढकलायची.

मग बरीच वर्षं लांबलेली निवडणूक जवळ आली. वॉर्ड नव्यानं पाडले गेले आणि भाऊंच्या जुन्या आळ्यांना पूर्वेकडच्या नव्या वसाहती जोडल्या गेल्या. तिथं कुणाच्या आजीनं कुठली विहीर खणली हे भाऊंना माहीत नव्हतं, आणि तिथल्या आज्या मुळात दुसऱ्याच राज्यात होत्या. पक्षानं स्पष्ट सांगितलं की उमेदवारी हवी असेल तर संघटनेचा पाठिंबा आणा. ही संघटना म्हणजे धर्मरक्षणासाठी स्थापन झालेली तरुण मुलांची फौज होती. आपल्या धर्माला आमच्या आळीत नेमका कुणापासून धोका आहे हे मला कधी समजलं नाही, पण सल्लागारानं असे प्रश्न विचारायचे नसतात.

त्यांच्या म्होरक्याला सगळे प्रमुख म्हणत. लोखंडी सामानाला रंग चढवण्याचा, म्हणजे पावडर कोटिंगचा धंदा, चाळिशीचा, बोलायला अत्यंत मऊ. घरात आला की आधी भाऊंच्या पाया पडायचा. माझ्याही पडला, आणि मला तो मुलगा एकदम सुसंस्कृत वाटायला लागला. वहिनी त्याच्यासमोर कधी आल्या नाहीत. चहा आतून मी आणायचो. राजकीय सल्लागारानं चहा का आणायचा, हा विचार माझ्या मनात आला होता, पण कपबशा हातात असताना.

भाऊंना वाटत होतं ते संघटनेला वापरून घेतायत. "सर, पोरं आहेत. निवडनूक झाली की आपापल्या घरी जातील. आपलेच आहेत." मीही हो म्हणालो. त्यांनी मला संघटनेच्या वालीवच्या सभेसाठी भाषण लिहायला सांगितलं तेव्हा मात्र माझ्यापुढं तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. स्टाफरूममध्ये मी पुरोगामी म्हणून ओळखला जातो. मी विचार करायला वेळ मागितला आणि तासाभरात भाषण लिहून दिलं. आयुष्यात इतक्या सहज मी काही लिहिलेलं नाही. लोकांनो, जागे व्हा, असं त्यात होतं. कुणापासून जागं व्हायचं ते मी सुसंस्कृतपणे मोघम ठेवलं होतं. समोरच्या पोरांनी ती जागा आपापल्या मनानं भरून घेतली आणि मैदान दणाणलं. माझं भाषण भाऊंनी पहिल्यांदाच शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. माझ्या कुठल्याही कवितेला अशी दाद मिळालेली नाही, आणि खोटं कशाला बोलू, घरी येताना मी ते मनातल्या मनात पुन्हा म्हणत होतो.

आठवड्याभरात प्रमुख आला आणि पुन्हा पाया पडून त्यानं सांगितलं की मे अखेरीला क्रूसाच्या कोपऱ्यावर महाआरती करायची आहे. त्याच जागी, त्याच संध्याकाळी. भाऊंनी ती स्वतः करावी, म्हणजे पूर्वेकडच्या मतदारांना खात्री पटेल. आणि ते चण्यांचं जे काही आहे ते यंदा नको, पोरांच्या मनाला लागतं. हे त्यानं इतक्या अदबीनं सांगितलं की भाऊंना नाही म्हणायला जागाच सापडली नाही. तो गेल्यावर त्यांनी पंखा वाढवला. मग म्हणाले, "वेळ वेगळी ठेवू. आरती आधी उरकू. लदीन नंतर, मावशीच्या घरात. बाहेर नको. सर, तुमी जरा जाऊन सांगा."

आजवर मावशीकडं जायला त्यांनी कुणाला मधे घातलं नव्हतं. मी मात्र मोठी कामगिरी मिळाल्यासारखा शर्ट बदलून निघालो.

फिलूमावशी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मी सामाजिक सलोखा, बदलती परिस्थिती, व्यापक हित असे शब्द वापरून बोललो. ती शेंगा सोलत राहिली. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बाबू सोताहून का नाय आला?"

मी म्हणालो, ते फार कामात आहेत.

"रस्ता ओलांडायला किती येळ लागतो रे?"

मी सुपातली एक शेंग उचलून सोलायला लागलो. ती म्हणाली, "करू घरात. देव काय घरात येत नाय असं नाय. पन मी म्हातारी झाली, चने कोन आननार?" मी लगबगीनं म्हणालो, त्याची आम्ही काहीतरी व्यवस्था करू. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "वेवस्था नको," म्हणाली. एवढं बोलून ती आत गेली. मी भाऊंना येऊन सांगितलं की बोलणी यशस्वी झाली.

महाआरतीची वेळ दुपार कलल्यावरची ठेवली होती. उन्हं उतरेपर्यंत सगळं आटोपेल, मग मावशीच्या घरी लदीन, दोन्हींची गाठ पडायची नाही. भाऊंचं हे गणित चोख होतं, फक्त त्यात कामणचा रस्ता धरलेला नव्हता. प्रमुखाचा आधीचा कार्यक्रम कामणला होता आणि तिथं गोदामांचे कंटेनर एकमेकांत अडकून बसले होते. तो पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. इकडं झेंडे, ढोल आणि आरतीचं तबक तयार, भाऊ भगवा फेटा बांधून क्रूसाशेजारी अनवाणी उभे, त्यांच्या बाजूला मी, आणि मागं फिलूमावशीच्या घरातून प्रार्थना ऐकू यायला लागली होती. आरती सुरू करण्याआधी प्रमुखानं हात वर करून ढोल थांबवले. आता तो दोन शब्द बोलणार होता.

तेवढ्यात वाडीचं फाटक वाजलं आणि वहिनी बाहेर आल्या. रोजच्याच साडीत, पदर खोचलेला, कडेवर पातेलं. चण्यांची वाफ दिसत होती. रस्ता माणसांनी भरलेला होता, तो दुभंगला. वहिनींनी कुणाकडं पाहिलं नाही. त्यांची वेळ झाली होती म्हणून त्या निघाल्या होत्या.

प्रमुखानं अदबीनंच भाऊंना विचारलं, "या कोण?"

मला वाटलं भाऊ आता काहीतरी बोलतील आणि निभावून नेतील. कुणाचीही आजी, कुणाचाही काका ज्यांना पाठ होता ते भाऊ समोर बघत राहिले आणि म्हणाले, "असेल कोनतरी. शेजारची."

एवढ्यावरही थांबलं असतं. पण अपुरं वाक्य मला सोसत नाही. मी म्हणालो, "होळीच्या बाजारात भाजी विकतात त्या."

वहिनी आमच्यापासून हाताच्या अंतरावर होत्या. त्यांनी दोन्ही ऐकलं. क्षणभर पातेलं दुसऱ्या कडेवर घेतलं, जड झालं असावं, आणि त्या मावशीच्या दारात शिरल्या. मग ढोल वाजले आणि भाऊंनी आरती केली. ओवाळताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. लोकांना ती भक्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा चहाला खाली गेलो. वहिनी दारातच होत्या. "आज भाजी नाय आनली, सर," म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. मी जिन्यात उभा राहिलो. या वाक्यावर मी एक अक्षरही सुचवू शकलो नसतो. भाऊंना त्या काय बोलल्या हे मला माहीत नाही. त्यानंतर भाऊ बागेत फार वेळ काढायला लागले आणि तिथून भाषणाचा आवाज येत नसे.

उमेदवारी प्रमुखाला मिळाली. पक्षाचं म्हणणं असं की लोकांना अस्सल हवं असतं. पाठिंबा देणाऱ्यालाच तिकीट दिलं की पाठिंब्याचा प्रश्न उरत नाही. प्रमुख पेढे घेऊन आला, पाया पडला, आणि भाऊंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नाक्यावर जो फलक लागला त्यावर खालच्या ओळीत, लहान गोलात, भाऊंचाही फोटो होता. मार्गदर्शक म्हणून. ते तिथं थांबून बघत होते. त्यांना राग आला नव्हता, एवढंच कळत नव्हतं की आपण कुठं कमी पडलो. "सर, मी सगळं केलं ना हो त्यांनी सांगितलेलं?" मी म्हणालो, केलंत. यापेक्षा खरा सल्ला मी त्यांना कधी दिला नाही.

निवडणूक झाली, प्रमुख निवडून आला. पुढच्या मे महिन्यात महाआरतीची आठवण कुणालाच झाली नाही. तिचं काम झालेलं होतं. फिलूमावशीनं चटया पुन्हा क्रूसापुढं टाकल्या. शेवटच्या दिवशी चणे वहिनींनीच उकडले, पण पातेलं भाऊंनी उचललं. वहिनींनी ते उचलू दिलं. मला भाऊ म्हणाले, तुमीही चला, एकट्याला बरं वाटत नाय. मी गेलो. आम्ही दोघं त्या चार पावलांच्या रस्त्यावर इतके हळू चाललो होतो की मागून आलेल्या वहिनी आम्हाला ओलांडून पुढं गेल्या आणि बायकांमधे जाऊन बसल्याही.

भाऊंनी पातेलं क्रूसाच्या पायरीवर ठेवलं आणि चटईच्या कडेला बसायला वाकले. फिलूमावशीनं त्यांना बघितलं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि म्हणाली, "या, साहेब."

भाऊ तसेच अर्धे वाकलेले राहिले. मावशी घरात गेली आणि आतून एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. पदरानं पुसली, चटयांच्या मागं ठेवली.

"बसा," म्हणाली.

"मावशी, मी खाली बसतो ना."

"नाय, असं कसं. तुमी नेते मानूस. खाली बसलेलं बरं नाय दिसत."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. घरी आलेल्या परक्या, मोठ्या माणसाशी बोलावं तसं ती बोलली. भाऊ खुर्चीत बसले. समोर सगळी आळी खाली बसलेली आणि सगळ्यांच्या डोक्यांच्या वर एकटे भाऊ. लदीन सुरू झाली. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. त्यांनी हात जोडले, मग कुठं ठेवावेत ते कळेना म्हणून मांडीवर ठेवले. मला त्यांची इतकी दया आली की मी नाक ओढलं, आणि या खेपेला सर्दी झालीय का असं कुणी विचारलं नाही. त्यांच्याशेजारी जाऊन खाली बसावं म्हणून मी चटईकडं निघालो.

मावशीनं मला हातानंच थांबवलं. ती पुन्हा आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरी खुर्ची होती.